न चावलेले बूट

नवा बूट चावतो. बूट घालणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. आमच्या तांड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिथे कोणाच्या पायाला बूट लागलेच नव्हते. टायरच्या चपला, फार झालं तर चांभाराकडची वहाण, आणि बाकी सगळा अनवाणी कारभार. एवढ्याशा अडाणीपणापायी माझ्या संसाराचं वाटोळं झालं असं मी म्हणते. तांड्यातले लोक वेगळं कारण सांगतात. सांगू देत. ते कारण त्यांना आम्हीच दिलं आहे.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवर तेव्हा नवं डांबर पडत होतं. आमचा तांडा सडकेपासून आत, केळापूरच्या अंगाला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली, मग ट्रक आले, लदेणी संपली आणि आम्ही माळावरची वावरं धरून बसलो. माझे सासरे लहानपणी शेवटच्या लदेणीबरोबर चालले होते आणि तेवढ्यावर त्यांनी जन्मभर मिरवलं. बैलातलं आपल्याइतकं कोणाला कळत नाही ही त्यांची पक्की समजूत होती, आणि खोटं कशाला बोलू, ती खरीही होती. त्यांच्याच मुलाने ट्रकांसाठी सडक बांधावी याचा त्यांना मनातून राग यायचा. पण वावरातली ज्वारी संक्रांतीलाच संपायची, म्हणून राग गिळून गप्प बसायचे.

माझ्या नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही. आम्ही बायका मालक म्हणायचो, तेच इथेही म्हणते. उंच, हाडापेराने मोठा, बोलायला कंजूष माणूस. घरात आम्ही आमची बंजारा बोली, गोरबोली, बोलायचो आणि बाहेर वऱ्हाडी. वाचणाऱ्याला कळावं म्हणून इथे सगळ्यांच्या तोंडी वऱ्हाडीच घालते आहे.

डांबराचं काम ज्याने केलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. पिंपाखाली लाकडं पेटवून डांबर उकळायचं, झारीत घ्यायचं आणि अंथरलेल्या गिट्टीवर ओतत ओतत सरकायचं. खाली गिट्टी तापलेली, वर ऊन, आणि तेही आमच्याकडचं. पायांना ओलं पोतं गुंडाळून वर सुतळी आवळायची, हीच सगळ्यांची पादत्राणं. पोतं सुकलं की माणसं नाचायला लागायची आणि पाण्याच्या पिंपाकडे पळायची. मालक पळत नसत. शांतपणे झारी रिकामी करायचे, दुसरी भरून आणायचे. मी बायकांच्या रांगेत गिट्टीची टोपली वाहायची, तिथून मला हे दिसायचं.

"याचे पाय हायेत का दगड?" मुकादम चारचौघांत म्हणायचा, आणि शेजारच्या बाया मला कोपराने ढोसायच्या. मी फुगायची. असा गडी दुसरीच्या नशिबी नाही, असं वाटायचं मला.

संध्याकाळी पोतं सोडलं की तळव्यांवर टरटरून फोड आलेले असायचे. मी एरंडीचं तेल लावायला बसले की म्हणायचे, "राहू दे वं. दुखून नाई राह्यलं." मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून बोलतात.

त्या साली काम थांबताना मुकादमाने त्यांना बाजूला घेतलं. मीही जवळ जाऊन उभी राहिले.

"सडक राखाले आता पक्की गँग होनार हाय," तो म्हणाला. "बाराही महिने काम. तुयं नाव मी देतो. पन फोड आलेले पाय घेऊन तू घरी बसला तं साहेबापुढं मीच तोंडघशी पडन. बूट घे. मजबूत घे अन आरामाचा घे. मजबूत हाय अन आराम नाई, असा नोको घेऊ."

बारा महिने काम म्हणजे काय, ते ज्याला दर दिवाळीनंतर कामासाठी मुकादमाच्या दारात उभं राहावं लागतं त्यालाच विचारावं. मालकांचे पाय टिकले तर आमचं घर टिकणार होतं. तांड्यातून आजवर कोणाला पक्कं काम लागलं नव्हतं. मी तर मनात कुडाच्या जागी मातीच्या भिंती घालून मोकळी झाले होते.

पुढची दिवाळी झाल्यावर बकरी विकली आणि मालक, सासरे आणि मी असे तिघं पांढरकवड्याच्या बाजाराला गेलो. तिथे नागपूरकडचा एक बूटवाला लष्करातून निघालेले बूट ताडपत्रीवर ढीग घालून विकायचा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजी त्या ढिगापुढे बसले ते बैलबाजारात बसल्यासारखेच. एकेक बूट उचलायचे, अंगठ्याने दाबायचे, तळ वाकवून बघायचे, वास घ्यायचे, नाडीला धरून वजन करायचे. बुटाला तोंड असतं तर दातही तपासले असते. बूटवाला कंटाळून बिडी ओढत बसला.

शेवटी दोन जोड उरले. एक कोणाच्या तरी पायात राहून मऊ झालेला. मी आत हात घालून पाहिला. बोटं सहज फिरत होती, अंगठ्याला ऐसपैस जागा, टाचेखाली मऊ. दुसरा कोरा, लाकडासारखा ताठ, तळ चांगला जाडजूड.

"मामाजी, हा मऊ घ्या," मी म्हणाले. "दिवसभर पाय आत राह्यतीन, जरा सुखानं राहू द्या."

"मऊ चामडं म्हंजे थकेल बैल, पोरी. आज चालन, उद्या बसन. कडक जनावर आपल्या हातानं नरम करता येते, नरमाले कडक नाई करता येत."

तो कडक जोड मालकांच्या पायात चढवला. मामाजी पुढ्यात उकिडवे बसले आणि बुटावरून बोट फिरवत विचारू लागले.

"अंगठ्याले लागते?"

"नाई."

"टाचेले?"

"नाई."

"चालून पाह्य."

मालक ताडपत्रीला वळसा घालून आले. "कुठंच नाई लागत, बा."

बूटवाल्याने बिडी खाली ठेवली. "भाई, नया बूट तो सबको काटता है. थोडा घूम लो, फिर बोलो."

मालक आणखी फिरून आले. पुन्हा तेच. मामाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. मऊ जोड परत ढिगात पडला. बूटवाला मात्र जाईपर्यंत मालकांच्या पायांकडे बघत होता. आज आठवलं की वाटतं, त्याने हात धरून विचारायला हवं होतं. पण तो बूट विकायला बसला होता, त्याने कशाला विचारावं?

बूट मजबूत झाला, आरामाचा झाला. इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मामाजींच्या डोक्यात वेगळंच शिरलं. गिट्टीवर बैल चालवायचा तर त्याला नाल हवा. मग गिट्टीवर चालणाऱ्या बुटाला का नको? लदेणीत म्हणे धान्य लादायच्या आधी बैलाचे नाल बघायचे. तांड्यात नाल ठोकणारे एक चाचा यायचे, बैल पाडून खुरांना नाल मारायचे. त्यांच्यापुढे मामाजींनी बूट ठेवले. अख्खा तांडा गोळा झाला. तांड्याचे म्होरके नायकसुद्धा बाज टाकून बसले. बायका फिदीफिदी हसत होत्या, मीही हसत होते.

चाचांनी बूट उलटे करून पाहिले. "बाबा, ये खीला खुर का है, लंबा है. बूट के अंदर नोक निकलेगी."

"वाकवून बसव. आतून चामड्याचा तुकडा लावतो मी."

चाचांनी मालकांकडे पाहिलं आणि हसले. "चलो, ठीक है. बैल को चुभे तो लंगडाके बताता है, इसको तो मुँह है. चुभेगा तो बोलेगा."

आणि त्यांनी नाल ठोकले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून नालाच्या पाकळ्या दोन. त्या दोन्ही पुढच्या तळव्यावर बसल्या, आणि टाचेवर एक वाकवून बसवली.

नाल मारल्यावर बैलाची परीक्षा घ्यायची आमच्यात एक रीत होती. त्याला खडकावरून चालवायचं आणि खाली बसून पावलं बघायची. खिळा चुकून मांसात गेला असेल तर जनावर तो पाय उचलून धरतं, टेकवताना कचरतं. मामाजींची नजर त्यात इतकी तयार की बैल लंगडायच्या आधीच त्यांना कळायचं. विहिरीपाशी उघडा खडक आहे, तिथे त्यांनी मालकांना चालवलं. स्वतः जमिनीला कान लावावा तसे वाकून बसले. जा, ये, वळ, पुन्हा जा. लोखंड खडकावर वाजत होतं. मालकांचं पाऊल एकसारखं, ठाम पडत होतं.

"लंगडत नाई," मामाजी उठून म्हणाले. "खिळा बरोबर बसला."

नायकांनी मान डोलावली. खुरांना लावतात तशी मी बुटांना हळद लावली. त्या दिवशी खिळा आत लागला होता की नंतर कधी लागला, हे आता कोण सांगणार? मी स्वतःला हजारदा विचारून बसले आहे.

त्या हिवाळ्याइतकी सुखात मी नंतर कधीच नव्हते. सडकेवर मालक येताना दिसायच्या आधी ऐकू यायचे. मामाजी रोज संध्याकाळी विचारायचे, "लागते का रे?" आणि रोज उत्तर यायचं, "नाई, बा." मग मामाजी शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायचे, "पाह्यलं? कडक घ्या म्हनलं होतं." ऊन चढलं, डांबर सुरू झालं. बाकीचे पोत्यात उड्या मारत होते आणि मालक बूट घालून झारी ओतत होते. मुकादमाने साहेबाला आणून दाखवलं. नाव लागलंच समजा, असं म्हणाला.

मग बाजाराचा दिवस आला, कामाला सुट्टी. मालक अंगणात भाकर खात होते. मी बूट उन्हात ठेवले होते. म्हटलं, तेल द्यावं आतून. हात घातला आणि बोटाला खचकन टोचलं. मामाजींनी लावलेला चामड्याचा तुकडा झिजून विरला होता आणि त्यातून खिळ्याचं टोक वर आलं होतं, चांगलं नखाएवढं. त्याच्याभोवती काळं, चिकट काहीतरी साकळलेलं. मला आधी डांबर वाटलं. डांबराला असा वास नसतो.

मी मालकांपुढे जाऊन बसले आणि त्यांचा पाय मांडीवर ओढला. अंगठ्याच्या बुडाशी तळव्याला भोक पडलं होतं, माझ्या करंगळीचं टोक जाईल एवढं. कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मालक ओणवे होऊन बघायला लागले, हातात भाकर तशीच.

"हे कदी झालं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी उठले. कुंपणातला बाभळीचा काटा घेतला आणि त्यांना म्हटलं, तिकडे बघा, बैलाने दावं सोडलं वाटते. त्यांनी मान वळवली आणि मी काटा टाचेत दाबला. मग पावलाच्या वर दाबला. "कुठं सोडलं?" ते म्हणाले, गोठ्याकडेच बघत.

मामाजी बाजेवरून हे सगळं बघत होते. ते उठून आले, मालकांची पाठ उघडी केली आणि खांद्याखालचा फिकट चट्टा बोटाने चाचपला. तो चट्टा मी लग्नापासून पाहत होते. उन्हाचा डाग असेल म्हणून सोडून दिलं होतं. मामाजींनी लदेणीत असे चट्टे पाहिले होते. त्यांनी नाव उच्चारलं नाही. खाली बसले आणि म्हणाले, "मी बैलावानी पाह्यलं त्याले. बैलाले दुखते." एवढंच. मग पकड घेऊन बुटांचे खिळे उपटायला लागले. मालक म्हणत होते, "बा, उद्या कामावर जायचं हाय, काहून काढून राह्यले?" आणि मामाजी ऐकत नव्हते.

मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग आला की ते बूट विहिरीत टाकावेत असं वाटलं. आमच्या माणसाला बूट चावत नाही म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी पाय पाहून वर्ध्याकडच्या महारोगाच्या दवाखान्यात जायला सांगितलं. महारोग हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला आणि पहिला विचार आला तो तांड्याचा. शेजारच्या एका वस्तीतल्या म्हाताऱ्याला हा रोग झाला होता. त्याला वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, खोपट घालून दिलं होतं आणि त्याची सून भाकर दगडावर ठेवून मागे पळायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही तिघांनी त्या रस्त्यातच ठरवलं, कोणाला कळू द्यायचं नाही. तांड्यात सांगितलं, हिंगणघाटकडे सडकेचं काम निघालं आहे, तिकडे गेले.

दवाखाना चांगला होता. मी त्यांना नावं ठेवणार नाही. डॉक्टर मालकांच्या शेजारी बाकावर बसून बोलले. गोळ्या दिल्या, म्हणाले, "ह्यानं रोग जाईल, दुसऱ्याला लागणारही नाही. पण गेलेली बधिरी परत येत नाही. पायाला आता दुखणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं, रोज. आणि एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही." मग त्यांनी चपलांचा जोड आणला. मऊ रबराचा जाड तळ, मागून टाचेला पट्टा, सगळा शिवलेला आणि चिकटवलेला, एकही खिळा नाही. मी दाबून पाहिला, बोट आत रुतलं. मजबूत, आरामाचा, दोन्ही. आम्ही बाजारात शोधत होतो तो हाच जोड होता.

पण तशा चपला बाजारात मिळत नव्हत्या. त्या दवाखान्यातूनच मिळायच्या, आणि त्या कोणाच्या पायात असतात हे तोवर वर्ध्यापासून पांढरकवड्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं. देवळापुढे बसणाऱ्यांच्या पायात असायच्या.

मालक महिनाभराने परतले तेव्हा चपला गाठोड्यात होत्या आणि ते अनवाणी होते. मी भांडले. मग मी त्या चपलांवर जुन्या कातड्याची पट्टी शिवली, पट्टा काढून नाडी लावली, राख चोळून रंग मारला. म्हटलं, आता कोण ओळखतं बघू. त्या घालून आम्ही दोघं बाजाराला गेलो. वांगीवाली बाई ओळखीची, दर बाजारी बोलणारी. वांगी मोजताना तिची नजर खाली गेली. मालकांनी पुढे पसरलेल्या दुपट्यात तिने वांगी हात उंच धरून वरून टाकली. एकदोन खाली घरंगळली. मालकांनी ती वेचली. तांड्याच्या अलीकडच्या नाल्यापाशी त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"यानं पाय राह्यते," मी म्हणाले.

"पाय राह्यते, पन मानूस नाई राह्यत."

त्यानंतर माझं आयुष्य म्हणजे एकच भांडण झालं. मी विनवलं, शिव्या दिल्या, उपाशी राहिले. गोळ्या ते नेमाने घ्यायचे, डोळ्यांसमोर चपला आणल्या की उठून जायचे. घरी बसावं तर लोक विचारणार, म्हणून पुन्हा पोतं बांधून डांबरावर जायला लागले. मुकादमाने बुटांचं विचारलं तर म्हणाले, चोरीला गेले. पक्क्या गँगमधून नाव गेलं ते गेलंच. अर्धा वेळ पाय सुजलेला असायचा. मामाजी आता त्यांना "लागते का रे" असं विचारत नसत. संध्याकाळी ते मालकांचा पाय धरून दिव्यापुढे बसायचे आणि तळवा निरखायचे. त्यांची नजर अधू झाली होती, तरी मला पाहू देत नसत. ते रडायचे, मालक त्यांची समजूत घालायचे, आणि मी चुलीपाशी बसून दोघांचाही राग राग करायची. माझं माणूस माझ्या देखत तळव्याकडून झिजत चाललं होतं आणि त्याला कळा येत नव्हत्या. कळा आल्या असत्या तर तो ओरडला असता, घाबरला असता, वाचला असता. मी देवीला कधी काही मागितलं असेल तर हेच, की ह्यांना एकदा दुखू दे.

दुखलं नाही. भोक हाडापर्यंत गेलं, ताप भरला, पाय काळा पडला. पुन्हा हिंगणघाटचं नाव सांगून आम्ही निघालो. ह्या वेळी डॉक्टर रागावले. गोळ्यांनी रोग गेला होता, तपासून तसं त्यांनीच सांगितलं. रोग गेला होता आणि पाय राहिला नव्हता. घोट्याच्या वरून कापावा लागला.

परतताना मामाजी आमच्या आधी एक दिवस तांड्यात गेले. आम्ही नाल्यापाशी गाडीतून उतरलो तर सगळा तांडा सामोरा आलेला. बायकांनी मला कवटाळून हंबरडा फोडला. मला काही कळेना. मग नायक पुढे आले, मालकांना त्यांनी उराशी धरलं, आजवर कोणी धरलं नव्हतं तसं, आणि म्हणाले, "सडकेनं पाय खाल्ला रे पोरा." मामाजींनी सांगून ठेवलं होतं: सडकेच्या कामावर रोलरखाली आला. तापाची, फडक्यांची, वासाची आठवण कोणी काढली नाही. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून, कुठेही न धावलेल्या रोलरसाठी गळा काढून रडले. अश्रू मात्र खरे होते.

मालकांना त्या दिवसापासून फार मान मिळाला. कोणी ज्वारी आणून टाकायचं, कोणी कुबडी करून दिली. पुरुष त्यांच्या मांडीला मांडी लावून चिलीम ओढायचे, एका ताटात जेवायचे. ते पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले. रोलर कसा आला, कोण ओरडलं, हेही सांगायचे, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. त्यांना तसं हसताना बघून माझा जीव जळायचा. पाय गेला म्हणूनच ते तांड्याचे राहिले होते, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

एक पाय उरला होता. तोही तेवढाच बधिर. एका दुपारी मालक बाजेवर एकटे बसले होते. मी लपवून ठेवलेल्या त्या चपलांमधली एक आणली आणि त्यांच्यापुढे मातीत बसले.

"येक तरी राखा," मी म्हणाले. "मी पाया पडते तुमच्या. ह्याच्यासाठी तरी घाला."

त्यांनी चप्पल हातात घेतली, तळ दाबून पाहिला. मला वाटलं, घालतात.

"मस्त हाय वं चप्पल," ते म्हणाले. "पन रोलरखाली आलेल्या मानसाच्या दुसऱ्या पायात हे कायले, असं कोनी इचारलं तं काय सांगू?"

त्यांनी चप्पल माझ्या पदरात टाकली, कुबडी घेतली आणि अनवाणी पायाने नायकांच्या ओट्याकडे बसायला गेले.